बारा वाजून सात मिनिटांनी येणारा

भुतांच्या पुस्तकाविषयी लिहायचे तर आधीच सांगून टाकते : मला भुते आवडतात. खानापूरकडच्या आमच्या आजोळी उन्हाळ्याच्या सुट्टीत रात्री ओसरीवर अंथरुणे पडली की भुतांची जणू शिरगणतीच सुरू व्हायची. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीच्या काठाला, चकवा माळावर, खवीस ओढ्यापलीकडे. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला आणि प्रत्येकाचा उपायही ठरलेला. त्यामुळे भीती वाटली तरी ती हिशेबातली असायची. पुढे नारायण धारपांच्या कादंबऱ्या हाती आल्या, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आल्या. धारपांच्या समर्थकथांत कितीही अमंगळ शक्ती घरात शिरली तरी शेवटी समर्थ येतात, हा केवढा दिलासा! पुस्तक मिटले की दिवा मालवून झोपता येते.

महाविद्यालयात आल्यावर पाहिले तर भुतांचा सगळा थाटच बदललेला. वसतिगृहातल्या मैत्रिणींच्या उशाखाली स्टेफनी मेयरचे 'ट्वायलाइट' (२००५) असायचे, पाने सुटून आलेले. त्यातला रक्तपिपासू एक देखणा मुलगा आहे. वय वर्षे सतरा, तेही कायमचे सतरा. उन्हात गेला की त्याची कातडी हिऱ्यासारखी चमकते. मी ते पुस्तक एका दमात वाचले हे खरे, पण वाचताना एकदाही मागे वळून पाहावेसे वाटले नाही. ज्या भुताशी लग्न करावेसे वाटते ते भूत कसले? आमच्या आजोळच्या हडळीने असल्या जावयाला उंबऱ्याच्या आत घेतले नसते.

अशा मनःस्थितीत असताना याच अंकाच्या कन्नड विभागाचे काम पाहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने एक पुस्तक हातात ठेवले. तिच्या मामांनी ते बेंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणले होते. नाव 'अ मॉन्स्टर कॉल्स', लेखक पॅट्रिक नेस, प्रकाशन २०११. पानोपानी काळ्या शाईची चित्रे. ती जिम के यांची. काही ठिकाणी तर चित्रातला काळोख ओसंडून मजकुराच्या बाजूने वाहत येतो. "रात्री वाचू नको," ती म्हणाली. अर्थात मी रात्रीच वाचले.

कथा इंग्लंडातली. कॉनर नावाचा तेरा वर्षांचा मुलगा आईबरोबर राहतो. वडील दुसरे लग्न करून अमेरिकेत गेलेले. घराच्या मागच्या खिडकीतून टेकडीवरचे चर्च दिसते, चर्चशेजारी दफनभूमी, आणि तिच्या मधोमध यू नावाचा एक जुनाट वृक्ष. एका रात्री बारा वाजून सात मिनिटांनी तो वृक्ष चालत येतो, खिडकीशी उभा राहतो आणि मुलाला नावाने हाक मारतो. इथपर्यंत आपल्या ओळखीचे आहे. यापुढे मात्र कोणत्याही भूतकथेत न घडणारी गोष्ट घडते. मुलगा घाबरत नाही. याहून वाईट मी पाहिले आहे, अशा अर्थाचे काहीतरी बोलून तो त्या राक्षसालाच जवळजवळ निरुत्तर करतो. याहून वाईट ते काय, हे लेखक पुस्तक संपत येईपर्यंत सांगत नाही. कॉनरला रोज रात्री एक स्वप्न पडते, एवढेच आपल्याला कळते.

त्याची आई आजारी आहे. डोक्यावरचे केस गेलेले, औषधांचे फेरे चालू. प्रत्येक वेळी ती म्हणते, हे नवे औषध लागू पडेल. आजी येते, पण ती गोष्टी सांगणारी, लाडू वळणारी आजी नव्हे. जागाजमिनीच्या व्यवहारात मुरलेली, करड्या शिस्तीची बाई. तिच्या दिवाणखान्यात कुणी बसायचे नाही आणि तिथल्या जुन्या घड्याळाला हात लावायचा नाही. शाळेत तीन मुले कॉनरला छळतात. या सगळ्यात तो वृक्ष रात्री येऊन सांगतो की मी तुला तीन गोष्टी सांगणार आणि चौथी तू मला सांगायचीस. चौथी गोष्ट म्हणजे तुझे ते स्वप्न. नाही सांगितलीस तर तुला खाऊन टाकीन.

वृक्षाच्या येण्याची जी खूण लेखकाने मागे ठेवली आहे तिला मी मनापासून दाद दिली. पहिल्या भेटीनंतर सकाळी खोलीभर यूची पाने पसरलेली असतात. कॉनर मुकाट्याने ती झाडून पिशवीत भरतो. पुढच्या वेळी जमिनीवर विषारी लाल फळे. त्यानंतर तर तक्तपोशीतून एक रोप उगवलेले! मुलगा सुरी घेऊन ते कापत बसतो. भूत येऊन गेल्यावर केरसुणी घ्यावी लागते हे मी कुठल्याच पुस्तकात वाचले नव्हते. घरात मोठे दुःख चालले असताना पोरांना हेच करावे लागते. कुणाला कळू नये म्हणून सकाळी उठून आपला केर आपणच भरायचा.

वृक्ष ज्या गोष्टी सांगतो त्या कानाला परीकथा वाटतात, पण शेवटी उलट्या फिरतात. पहिल्या गोष्टीत दुष्ट चेटकीण वाटणारी सावत्र राणी खून करत नाही. खून केलेला असतो लोकांच्या लाडक्या राजपुत्राने. दुसरीत एक कडवट, लोभी वैदू आणि एक सज्जन धर्मोपदेशक. वैदूला औषधासाठी यू वृक्ष हवा असतो. उपदेशक तो देत नाही, उलट लोकांना त्याच्याविरुद्ध फितवतो. पुढे त्याच्याच दोन मुली आजारी पडतात, तेव्हा तो वैदूच्या दारी येतो आणि माझ्या साऱ्या श्रद्धा सोडतो म्हणतो. मुली वाचत नाहीत. वृक्ष घर पाडतो ते उपदेशकाचे. का, तर वैदू लोभी असला तरी त्याचे औषध खरे होते, आणि याची श्रद्धा पहिल्या संकटात विकायला निघाली. ही गोष्ट वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. आपल्याकडच्या कथाकीर्तनांतून न्याय इतका गैरसोयीचा होऊन येत नाही.

या पुस्तकामागची हकीकतही सांगायला हवी. मूळ कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. पात्रे, कथेचे सूत्र आणि सुरुवात तिच्यापाशी तयार होती. पण तिला स्वतःलाच स्तनाचा कर्करोग झाला आणि २००७ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ती गेली. नेस तिला कधी भेटलेलाही नव्हता. तिच्यामागे त्याने ही कादंबरी लिहिली. २०१२ साली लेखनासाठीचे कार्नेगी पदक आणि चित्रांसाठीचे केट ग्रीनवे पदक अशी दोन्ही पदके या एकाच पुस्तकाला मिळाली. तसे पूर्वी कधी झाले नव्हते. पण पदकांपेक्षा मला हे महत्त्वाचे वाटते की या कथेतली आई ज्या बाईने कल्पिली, ती स्वतः आजाराच्या आतल्या बाजूने पाहत होती. म्हणूनच ती आई खोटे बोलते तेव्हाही तिचा राग येत नाही.

आता खोट्याविषयी. आमच्या भागातल्या वाचकांना 'नाळे बा' ठाऊक असेल. १९९०च्या दशकात कर्नाटकात एक वावडी उठली होती. रात्री एक भूत दारोदार फिरते, घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते, आणि दार उघडणारा मरतो. उपाय म्हणून लोकांनी दारांवर कन्नडमध्ये लिहून ठेवले, 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये'. भूत रोज येणार, रोज वाचणार आणि रोज परत जाणार. आईच्या तोंडून हे ऐकताना मी पोट धरून हसायची. कॉनरची कथा वाचताना मात्र ती पाटी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. त्याच्या घरातली सगळी मोठी माणसे दारावर 'नाळे बा' लिहूनच बसली आहेत. आई म्हणते, नव्या औषधानंतर बोलू. वडील विमानाने येतात, फिरवून आणतात आणि परत जातात. आजी म्हणते, तुला माझ्याकडे राहण्याविषयी आपण बोलायला हवे. आणि बोलणे पुढे जात नाही. तो वृक्ष तेवढा पाटी वाचून परत फिरत नाही. त्याला अक्षरओळख नसावी, किंवा 'उद्या' हा शब्द त्याला मान्य नसावा.

हे मला इतके लागण्याचे कारण घरचे आहे. दोन वर्षांपूर्वी माझी काकू गेली. आम्ही एकाच वाड्यात, एकाच स्वयंपाकघरात राहणारी माणसे. साडेनऊ महिने ती अंथरुणावर होती. त्या महिन्यांत आमच्या घरी सफरचंदे आणि शहाळी यांना तोटा नव्हता, आणि खऱ्या बोलण्याचा मात्र दुष्काळ होता. तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ, तेव्हा कॉनरच्याच वयाचा. त्याने विचारले की सगळे एकच सांगत, "बरी होतीय की रे, तू अभ्यास कर." पुढे ती गेली. दिवसकार्याला आलेल्या बायका माजघरात बसून एकमेकींना सांगत होत्या, "सुटली बिचारी." आजीही डोळे पुसत म्हणाली, "सुटली गं माझी बाय."

'सुटली' हा शब्द मी तोवर शेकडो वेळा ऐकला असेल. या पुस्तकाने मला तो पहिल्यांदा नीट ऐकायला लावला. या क्रियापदाचा कर्ता नेहमी गेलेले माणूस असतो. ती सुटली, ते सुटले. 'आम्ही सुटलो' असे कुणी म्हणत नाही. रात्री-अपरात्री कण्हणे ऐकून उठणारे, चादरी बदलणारे, कर्जाचे हप्ते मोजणारे, शाळेतून घरी यायला पाय न उचलणारे, हे सगळेही त्याच घटकेला सुटलेले असतात. पण आपल्या मराठीने मोठ्या शहाणपणाने ते मृताच्या पदरात बांधून ठेवले आहे. मोठ्या माणसांना हा शब्द परवडतो. त्याच्या आडोशाला बसून ती रडू शकतात. तेरा वर्षांच्या मुलाला असा आडोसा नसतो. त्याच्या मनात 'हे आता संपू दे' असे आले की त्याला वाटते, आपण आईला मारले.

कॉनरचे स्वप्न हेच आहे. कड्याच्या टोकावरून आई खाली ओढली जाते आहे, त्याने तिचे हात धरले आहेत, आणि हात सुटतात. स्वप्न एवढेच असते तर ते साधे भयस्वप्न झाले असते. चौथी गोष्ट ही की हात सुटत नाहीत, तो सोडतो. आणखी थोडा वेळ धरता आले असते, हे त्याला माहीत आहे. ते तोंडाने म्हणणे म्हणजे या पुस्तकातला सर्वांत भयंकर प्रसंग, आणि त्या वेळी राक्षस काय करतो? खात नाही, शिक्षा करत नाही. माणसाच्या मनात एकाच वेळी दोन उलट्या गोष्टी असू शकतात, तिने जगावेही आणि हे संपावेही, आणि मनात आलेला विचार म्हणजे कृती नव्हे, एवढे त्याला समजावतो.

आमच्या इंग्रजीच्या सरांशी यावर बोलले तेव्हा ते म्हणाले, "आई आणि मुलगा म्हटले की आपल्याकडे 'श्यामची आई' आहे. तिच्यापुढे हे किती टिकेल?" प्रश्न योग्य होता. साने गुरुजींचे ते पुस्तक १९३५ सालचे. तेही रात्रींचेच पुस्तक आहे. बेचाळीस रात्री श्याम आईच्या आठवणी सांगतो. पण तुलना केली की फरक चटकन दिसतो. आई जाते तेव्हा श्याम जवळ नसतो, आणि तिथे पोचता आले नाही याचे त्याला जन्मभर दुःख आहे. कॉनरचे दुःख नेमके उलटे : तो सगळा वेळ जवळ होता. दूर राहिलेल्याचे दुःख डोळ्यांतून वाहते. जवळ राहिलेल्याचे वाहायलाही लाजते. 'श्यामची आई' वाचून मी लहानपणी रडरड रडले आहे आणि आजही रडेन, पण आमच्या घरच्या त्या साडेनऊ महिन्यांविषयी ते पुस्तक मला काही सांगू शकले नाही. सर गप्प राहिले, मग म्हणाले, "आण ते पुस्तक, बघतो." त्यांनी अजून परत केलेले नाही.

म्हणजे पुस्तक निर्दोष आहे असे नाही. छळणारी ती तीन मुले सिनेमातल्या खलनायकाच्या हस्तकांसारखी साच्यातून काढलेली आहेत. लिली नावाची मैत्रीण मोठ्या आशेने आणली आहे, पण तिला पुरेशी जागा मिळत नाही. शेवटाकडे वृक्ष जरा जास्तच बोलतो; आधी गोष्टींतून जे कळले तेच तो पुन्हा समजावून सांगतो, तेव्हा त्याच्या फांद्यांआड एखादा समुपदेशक बसला आहे की काय अशी शंका येते. आणि तिसरी गोष्ट मला अगदीच तोकडी वाटली. एक माणूस कुणालाच दिसत नसतो आणि त्याला त्याचा कंटाळा येतो, एवढीच ती. ती सांगता सांगता कॉनर छळणाऱ्या मुलाला बेदम मारतो, आणि शाळा त्याला शिक्षाही करत नाही. त्याची परिस्थिती पाहून सोडून देतात. पहिल्या दोन गोष्टींच्या मानाने हे घाईने उरकलेले वाटते.

भावाला मात्र हीच गोष्ट सगळ्यांत आवडली. पुस्तक त्याला द्यावे की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली होती. काका म्हणाले, "कशाला पोराला आणि तेच." शेवटी मी ते नुसते त्याच्या टेबलावर ठेवले, काही बोलले नाही. तीन दिवसांनी ते माझ्या टेबलावर परत आले. आवडले का, विचारल्यावर म्हणाला, "ते दिसत नसलेल्या माणसाचं बरोबर आहे. मला वर्षभर कुणी ओरडलंच नाही. गृहपाठ नाही केला तरी सर म्हणायचे, राहू दे. ज्याला ओरडत नाहीत तो वर्गात नसतोच." मी माझे मत बदललेले नाही, गोष्ट म्हणून ती तोकडीच आहे. पण तिच्यात काय आहे हे मला त्याच्याकडून कळले.

मग त्याने विचारले, "ते झाड आपल्याकडे असतंय काय?"

याचे उत्तर शोधायला मला दोन दिवस ग्रंथालयात बसावे लागले, आणि जे सापडले ते कादंबरीइतकेच विलक्षण निघाले. यू वृक्ष ब्रिटनमध्ये चर्चच्या आवारात जुन्या काळापासून आढळतो, आणि त्यांतले काही तर शेजारच्या चर्चहूनही म्हातारे मानले जातात. पाने आणि बी जहरी. त्याचा एक भाऊबंद आपल्या हिमालयात आहे, त्याला तिकडे थुनेर म्हणतात. दुसरा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. या अमेरिकन यूच्या सालीतून टॅक्सॉल नावाचे कर्करोगावरचे औषध निघाले. १९९२ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. सालीतले ते द्रव्य वेगळे काढून १९७१ साली त्याची रचना जगापुढे मांडणाऱ्यांत मन्रो वॉल यांच्याबरोबर एक नाव होते मनसुख वाणी. हे १९२५ साली आपल्या खानदेशात, नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले. कादंबरीत कॉनरच्या आईला शेवटचे जे औषध देतात ते यूपासूनच केलेले असते. म्हणून तर त्या पोराला वाटते की वृक्ष आईला बरे करायलाच आला आहे. त्या इंग्रजी राक्षसाच्या सालीतून औषध काढणाऱ्या हातांतला एक हात नंदुरबारचा होता हे कळल्यावर मी एकटीच हसले.

याच दोघांनी १९६६ साली चीनमधल्या एका झाडातून कॅम्पटोथेसिन नावाचे आणखी एक कर्करोगविरोधी द्रव्य शोधले होते. ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही सापडते. घाणेरड्या वासामुळे त्याला हे नाव पडले. त्या द्रव्यापायी घाटातली नरक्याची झाडे चोरून इतकी तोडली गेली की ती आता दुर्मिळ झाली आहेत. म्हणजे वैदूला झाड हवे आणि झाडाला जगायचे, ही दुसऱ्या गोष्टीतली भांडणे आपल्या घाटातही चालूच आहेत. भावाला हे सांगितले तेव्हा त्याने एवढेच विचारले, "मग आईला दिलेलं त्यातलंच होतं काय?" मला ठाऊक नव्हते. काकांना विचारले. त्यांनी कपाटातून कागदांची पिशवी काढली, आणि त्या रात्री आमच्या घरात पहिल्यांदा काकूच्या आजाराचे कागद सगळ्यांसमोर उघडले गेले. औषधांची नावे भाऊ वाचत होता, तारखा काका सांगत होते. मध्येच काका म्हणाले, "या तारखेला मला कळलं होतं." भाऊ म्हणाला, "मला त्याच्या आधीच."

या कादंबरीवर २०१६ साली जे. ए. बायोना यांनी चित्रपट केला. पटकथा नेसचीच, आणि वृक्षाचा आवाज लियाम नीसनचा. चांगला आहे, पण पुस्तक आधी वाचावे. जिम केच्या चित्रांत तो वृक्ष पुरता कधी दिसत नाही, आणि तेच बरे आहे.

या अंकासाठी माझी मैत्रीण कन्नडमध्ये आणि मी मराठीत, अशा दोघी या पुस्तकावर लिहितो आहोत. बसलो तेव्हा पहिलाच अडथळा नावाचा आला. त्या येणाऱ्याला म्हणायचे काय? राक्षस म्हटले की रामायण आठवते. भूत तर तो नव्हेच, कारण तो कधी मेलेला नाही. पिशाच्च, दैत्य, बागुलबुवा, एकही शब्द बसेना. तिच्याकडे 'देव्व' होता, तोही तिला पटेना. शेवटी भावाला विचारले. तो क्रिकेटची बॅट घेऊन बाहेर निघाला होता. उंबऱ्यावरूनच म्हणाला, "त्याला कशाला नाव पाहिजे? झाड म्हणा की."